नेटवर्क स्विच बूट न होता फक्त 'स्विच:' एवढंच दाखवतोय? घाबरू नकोस

सिस्कोचा २९६० असेल तर आधी फ्लॅश-इनिट कमांड दे आणि डिर फ्लॅश करून बघ. पुष्कळदा जुनी इमेज (स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टीमची फाइल) तिथेच पडलेली असते, नुसती बूट कमांड देऊन काम होतं. नसेल तरच एक्समोडेमच्या, म्हणजे लॅपटॉपवरून कन्सोल केबलमधून इमेज पाठवायच्या वाटेला जा.

इथे सगळा खेळ स्पीडचा. कन्सोल मुळात ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) चालतो, म्हणजे १० एमबीच्या फाइलला जवळपास तीन तास! म्हणून आधी सेट बॉड ११५२०० कर. लगेच स्क्रीनवर कचरा दिसेल. तो बिघाड नव्हे, टर्मिनलचा (लॅपटॉपवर कन्सोल दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) स्पीडही ११५२०० ला आण, एंटर मार. आता तेच काम पाऊण तासाच्या आत उरकतं.

टर्मिनल म्हणून पुट्टी नको, त्यात एक्समोडेम नाही, टेरा टर्म घे. फाइल .बिन हवी, .टार नको. स्विचवर एक्समोडेमची कॉपी कमांड दिल्यानंतर 'सी सी सी' उमटायला लागलं की स्विच वाट बघतोय, लगेच फाइल सोड. लॅपटॉप चार्जरवर ठेव आणि स्लीप बंद कर, अर्ध्यात तुटलं की पहिल्यापासून पाठवावं लागतं.

फाइल पोचली की अनसेट बॉड, टर्मिनल परत ९६०० वर, मग बूट. हे विसरलास तर पुढचा माणूस कन्सोल लावून तुलाच फोन करेल.