टॉवेलच्या मागावरचे दोन बीम

‘ताई, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वय ४२. मागे एका शिबिरात ‘आयुष्याचं चाक’ काढायला लावलं. एका गोलाचे आठ कप्पे करायचे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. धंद्याला ९ दिले, पैशाला ८. घर ४, तब्येत ४, मित्र २, छंद शून्य. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे साडेचारपासूनचं वेळापत्रक केलं, त्यात चालणं, योगासनं, मुलीचा अभ्यास, वाचन सगळं बसवलं. अकराव्या दिवशी मोडलं. वडील गिरणीत होते, आता दिवसभर ओट्यावर बसून असतात. रात्री आठची पाळी बदलताना मी कारखान्यात जातीने उभा असतो, त्यानंतर घरी आलो की ‘जेवलास का’ एवढंच विचारतात. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मुलगी मैत्रिणींबरोबर गेली, मला विचारलंही नाही. दिवाळीआधी उपाशीपोटी साखर १४८ आली होती, पुढे बघायचं राहून गेलं. सगळे कप्पे सारखे कसे करू?’

भाऊ, आधी ती शेवटून दुसरी ओळ. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि दुसऱ्यांदा तपासूनही तशीच निघाली, तर त्याला मधुमेह म्हणतात. तुमची १४८ होती आणि दुसऱ्यांदा तुम्ही तपासलीच नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. साधी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, दोन्ही करून घ्या. तब्येतीला चार गुण तुम्ही अंदाजाने दिलेत, रक्त अंदाजाने बोलत नाही. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता चाकाबद्दल. आपण कुठे उभे आहोत ते बघायला ते चांगलंच आहे, तुमची एका रात्रीची झोप उडवली हे त्याचं कामच झालं. पण सगळे कप्पे सारखे करायचे, हे कुठून आलं? टॉवेलचा माग तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. त्यावर उभ्या धाग्याचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ असतात, एक ताठ ओढलेला आणि दुसरा मुद्दाम सैल सोडलेला. त्या सैल धाग्याचेच फास वर येतात, तोच टॉवेलचा मऊपणा आणि तेच पाणी टिपतात. दोन्ही बीम सारखे ताणले तर कापड निघेल, टॉवेल निघणार नाही. कारखाना तुमचा ताठ बीम आहे. घरादाराचं पोट त्यावर आहे, तो ताठ राहूद्या. मला काळजी आहे ती दुसऱ्या बीमची. तोही तुम्ही ओढून बसलात, साडेचारच्या गजराने.

ते वेळापत्रक मी तीनदा वाचलं. आठवड्याचे तास १६८, ते कुणालाच वाढवून मिळत नाहीत. तुम्ही चालण्याला वेळ काढलात, वाचनाला काढलात, मुलीलाही काढलात, आणि तो सगळा झोपेतून. कारखान्यातलं एक मिनिट कमी केलं नाहीत. अकरा दिवस टिकलात हेच मला विशेष वाटतं. खरा प्रश्न असा आहे, की धंद्याचे ९ गुण ७ झाले तर तुम्हाला सोसवेल का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरं कुठलंच वेळापत्रक करू नका, तेही मोडेल.

‘हो’ असेल तर एकच गोष्ट करा. रात्री आठची पाळी बदलताना तुम्ही जातीने उभे असता, असं तुम्हीच लिहिलंय. मंगळवार आणि शुक्रवार ती पाळी जॉबरच्या, म्हणजे मागांवरच्या मुकादमाच्या हवाली करा आणि साडेसातला निघा. सुरुवातीला नुकसान होईल, ते मी लपवत नाही. एखादा माग रात्रभर बंद राहील, एखादा माल दिवसभर उशिरा जाईल. तेवढं धरून चाला. फोन मात्र करायचा नाही, नाहीतर तुम्ही घरी असून कारखान्यातच असाल. योगासनं, वाचन, छंद सध्या राहूद्या. डॉक्टर चालायला सांगतीलच, ते तेवढं त्यांच्या हुकमाने करा.

आणखी एक. ते चाक पुन्हा काढा, पण पेन्सिल बायकोच्या आणि मुलीच्या हातात द्या. ‘घर’ म्हणून तुम्ही तीन माणसं एकाच कप्प्यात कोंबलीत. मुलीचा कप्पा वेगळा, बायकोचा वेगळा. मुलीने विचारलं नाही, कारण मागच्या वेळांचं उत्तर तिला पाठ झालेलं असणार. म्हणून आता विचारायचं तुम्ही. जानेवारीत यात्रेचे नंदीध्वज निघतील तेव्हा तिला मैत्रिणींबरोबरच जायचं असेल तर जाऊद्या, पण अक्षता सोहळ्याच्या दिवशी सिद्धेश्वरला तुम्ही येणार हे तिला आत्ताच सांगून ठेवा, आणि त्या दिवशीची डिलिव्हरी आजच पुढे ढकला.

आणि वडील. ‘जेवलास का’ हे ते स्वतः जेवून झाल्यावर विचारतात की तुमच्यासाठी थांबून? पत्रात ते नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही माहीत नसावं. आज घरी बायकोला विचारा. थांबत असतील, तर मंगळवारी आठ वाजता त्यांच्या शेजारी पान मांडायला सांगा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, जे असेल ते. बोलायला विषय शोधू नका. गिरणीत कुठल्या खात्यात होते ते विचारलंत तरी त्यांना बोलायला पुष्कळ आहे.

साखरेचा नवा आकडा आला की मला कळवा.