‘माझेही बाबा वर्दी घालतात’

“रात्री ओरडत उठतो. सिनेमा मीच लावून दिला. माझंच चुकलं का हो?” मुलाला घेऊन आलेल्या आईने विचारलं.

मुलगा 11 वर्षांचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सिनेमा ज्यूंच्या वंशसंहारावरचा, पण एका लहान जर्मन मुलाच्या नजरेतून. वडील ज्यूंना डांबून ठेवणाऱ्या छावणीचे प्रमुख, तारेपलीकडे एक ज्यू दोस्त, आणि शेवटी दोघंही गॅसच्या कोठडीत. घरच्यांनी सगळे करतात तेच केलं होतं, “सिनेमाच तो, विसर आता.”

त्याला त्या शेवटाची भीती बसली असेल, असं मीही धरून चालले. दोन भेटी मरणाबद्दलच बोलत राहिले आणि तो नुसती मान हलवत राहिला. तिसऱ्या भेटीत कागद आणि रंग पुढे ठेवले. त्याने तार काढली नाही, कोठडीही नाही. टोपी, पट्टा, खांद्यावरचे तारे काढले.

“त्या मुलाचे बाबा?”

“नाही. माझे.”

वडील फौजदार. सिनेमा पाहिल्यापासून ते वर्दीत घरी आले की हा आतल्या खोलीत जायचा, हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं. “ते बाबा पण त्याचे लाड करायचे,” तो म्हणाला. “खरंच होते का असे बाबा?”

इथे खोटा धीर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सिनेमातली मुलं कल्पनेतली, पण ऑशविट्झ या नाझी छावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस खरोखरच छावणीला लागून असलेल्या घरात पाच मुलांसह राहत होता. मी “होते” म्हटलं. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालून 1947 मध्ये त्याला फाशी झाली, हेही सांगितलं. त्या काळात सुमारे 15 लाख ज्यू मुलं मारली गेली. तो आकडा मात्र सांगितला नाही, कारण त्याने विचारला नव्हता.

मग यानुश कोर्चाक या पोलिश ज्यू डॉक्टर-लेखकाची गोष्ट सांगितली. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, त्यांचा अनाथाश्रम होता. 1942 च्या जुलैत तिथल्या मुलांनी आपल्या रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ नाटक केलं. ऑगस्टमध्ये मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तेव्हा स्वतःची सुटका शक्य असूनही कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत. तो बराच वेळ गप्प बसला.

आईला म्हटलं, दाखवलंत यात चूक नाही, पण लावून देऊन स्वयंपाकघरात जायला नको होतं. शेजारी बसायचं आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून झोपायला पाठवायचं नाही. पुढे महिनाभर झोप उडालेली राहिली, शाळा नकोशी झाली, तर मात्र वाट न पाहता यायचं.

पुढच्या भेटीला वडील साध्या कपड्यांत आले. मुलाने थेट विचारलं, “चुकीची ऑर्डर आली तर?”

ते माझ्याकडे पाहायला लागले. मी काही बोलले नाही.

“एकदा आली होती,” ते सावकाश म्हणाले. “नाही ऐकली. मग बदली झाली.”

“मी चौथीत असताना? मधेच शाळा सोडली ती?”

“हो. तीच.”