सारखे वाटणारे इंग्रजी शब्द गोंधळत असतील तर आधी ते देवनागरीत लिहून बघा

तुम्ही विचारलंय की अफेक्ट-इफेक्ट, क्वाइट-क्वायट, प्रिन्सिपलची दोन स्पेलिंगं अशा जोड्यांच्या याद्या पाठ करूनही लिहिताना नेमका नको तो शब्द उतरतो, ऐकतानाही घोळ होतो, तर काय करावं. इंग्रजी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम आहे. हे घोळ मी भरपूर पाहते, आणि इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्या लिखाणातही पाहते. माझं पहिलं सांगणं असं की ती यादी बाजूला ठेवा. घोळ वाढवण्यात तिचाच मोठा हात आहे.

दोन सारखे शब्द एकाच दिवशी, एकाच ओळीत समोरासमोर शिकले की डोक्यात ते एकमेकांना चिकटूनच बसतात. पुढे एकाची गरज पडली की दोघंही हजर होतात आणि कुठला कोण ते सांगणारी खूण मात्र सापडत नाही. शब्दसंग्रह कसा वाढतो याचा दीर्घ अभ्यास केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन हेच सांगतात: रूपाने किंवा अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकू नका, एक पक्का होऊ द्या, मग दुसऱ्याकडे वळा. पाठ्यपुस्तकं बरोबर उलटं करतात, कारण जोड्यांचा तक्ता छापायला सोपा आणि परीक्षेत विचारायला त्याहून सोपा.

दुसरं म्हणजे या सगळ्या जोड्या एका जातीच्या नाहीत. काहींत डोळा फसतो, काहींत कान, काहींत अर्थच धूसर असतो. जात ओळखायला आपल्याकडे एक फुकटचं साधन आहे. कोशात दोन्ही शब्दांचे उच्चार ऐका आणि ऐकू येतील तसे देवनागरीत लिहा.

दोन्ही शब्द देवनागरीत वेगळे उतरले तर सुटका सोपी आहे. शांत या अर्थाचा क्वायट दोन ठोक्यांचा, ‘बराच’ या अर्थाचा क्वाइट एकाच ठोक्याचा. ‘स्वतःचा, खाजगी’ तो पर्सनल, जोर सुरुवातीला. ‘कर्मचारीवर्ग’ तो पर्सनेल, जोर शेवटी. नैतिक तो मॉरल, मनोधैर्य ते मराल. जुळवून घेणं म्हणजे अडॅप्ट, स्वीकारणं किंवा दत्तक घेणं म्हणजे अडॉप्ट. वाळवंट ते डेझर्ट, जेवणानंतरचं गोड ते डिझर्ट. आपण दोन्हींना डेझर्टच म्हणतो आणि मग एस एक की दोन यावर अडून बसतो. इथे अडचण अशी की आपण हे शब्द बहुधा मुक्याने वाचूनच शिकलो. मुक्याने वाचताना उच्चार पारखून घ्यायची वेळच येत नाही. तेव्हा शब्द मोठ्याने, बरोबर जोर देऊन म्हणा. उच्चार पक्का झाला की या गटातली बरीच स्पेलिंगं आपोआप सुधारतात.

या गटातला एक शब्द मात्र मला रोज छळतो. हरवणं, गमावणं म्हणजे लूझ, त्यात ओ एकच. सैल म्हणजे लूस, त्यात ओ दोन. उच्चार वेगळा, तरी लोक ‘गमावणं’ लिहायच्या जागी ‘सैल’ लिहितात. यात आळस नाही, तर्क आहे: निवडणं या अर्थाच्या चूझमध्ये दोन ओ असतात, मग त्याच्याशी यमक जुळणाऱ्या लूझमध्येही दोन असायला हवेत. तर्क बिनचूक, फक्त इंग्रजी स्पेलिंग तो पाळत नाही.

का पाळत नाही हे कळलं तर दुसरा गट समजायला मदत होते. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये छापखाना सुरू केला आणि स्पेलिंगं हळूहळू एका साच्यात बसू लागली. पण साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक करून जागा सोडत होते. लिखाण थांबलं, बोलणं पुढे गेलं. भेटणं या अर्थाचा मीट आणि मांस या अर्थाचा मीट पूर्वी वेगळे ऐकू येत. म्हणून एकात डबल ई आणि दुसऱ्यात ई-ए. सरदार या अर्थाच्या नाइटमधला के एकेकाळी खरोखर उच्चारला जाई. म्हणजे ही स्पेलिंगं वेडीवाकडी नाहीत, जुन्या उच्चारांच्या त्या नोंदी आहेत. कधी उलटंही घडलं: पीठ या अर्थाचा फ्लॉवर आणि फूल या अर्थाचा फ्लॉवर मुळात एकच शब्द. धान्याचं ‘फूल’ म्हणजे त्यातला उत्तम, बारीक भाग. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही पिठासाठी वेगळं स्पेलिंग नाही, ते नंतर रुळलं.

तर देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब एकच उतरले आणि इंग्रजी कानालाही ते एकच असतील, तर कान तिथे काही कामाचा नाही. शंभरदा ऐकलंत तरी फरक पडणार नाही. इथे शब्दाचं गोत्र बघायचं. स्टेशनरी घ्या. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. तिघांच्या शेवटी ई-आर-वाय. स्टेशनर म्हणजे एका जागी दुकान मांडून पुस्तकं-कागद विकणारा, फेरीवाल्याहून वेगळा. आणि ‘जागचा न हलणारा’ हा दुसरा स्टेशनरी विशेषण आहे, त्याच्या शेवटी ए-आर-वाय, प्रायमरी, सेकंडरी, टेम्पररी या विशेषणांसारखं. एकदा हे पाहिलं की ‘ई फॉर एन्व्हलप’ असल्या क्लृप्त्या लागत नाहीत. मला क्लृप्त्या फारशा आवडत नाहीत. शब्दाशी खरं नातं नसलेली क्लृप्ती आणखी एक पाठांतरच होऊन बसते, आणि ऐन वेळी क्लृप्ती आठवते पण ती कुठल्या बाजूची होती ते नाही.

प्रिन्सिपलचंही तसंच. ‘मुख्याध्यापक हा तुमचा पॅल, म्हणून पी-ए-एल’ असं शिकवतात. मग कर्जाची मुद्दल आली की माणूस थबकतो, कारण मुद्दल कुणाचा मित्र नाही. त्यापेक्षा असं धरा: एल-ई वालं स्पेलिंग फक्त एकाच अर्थाचं, तत्त्व किंवा नियम. बाकी सगळं, म्हणजे मुख्य, मुख्याध्यापक, मुद्दल, हे ए-एल. नॅशनल, सेंट्रल, पर्सनल या विशेषणांचा शेवट जो, तोच. कॉम्प्लिमेंट हा शब्द पूर्ण या अर्थाच्या कम्प्लीटच्या घरचा असेल, म्हणजे पूरक, तर मध्ये ई. स्तुती असेल तर आय. फुकट मिळणारा कॉम्प्लिमेंटरी पाससुद्धा स्तुतीच्या घरचा, आयवाला.

‘इट्स’बद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एवढंच म्हणेन: हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांपैकी कुणालाच अपॉस्ट्रॉफी नाही, तशी मालकी दाखवणाऱ्या इट्सलाही नाही. अपॉस्ट्रॉफी दिसली तर तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ मोकळं करून वाचता आलं पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकात मालकीवाल्या इट्समध्येही ती सर्रास लिहीत, तेव्हा आपण काही अगदीच वाईट संगतीत नाही. देअरच्या बाबतीत ‘तिथे’ या अर्थाच्या शब्दाच्या पोटात ‘इथे’चा हिअर पूर्ण लपलेला असतो, आणि ‘कुठे’च्या व्हेअरमध्येही. जागेचे तिन्ही शब्द एका साच्याचे. उरलेल्या दोन देअरचा, म्हणजे ‘त्यांचा’ आणि ‘ते आहेत’ यांचा, संबंध ‘दे’ या सर्वनामाशी.

प्रॅक्टिसला वेगळी डोकेदुखी आहे. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी-ई, क्रियापदाला एस-ई. कान इथे गप्प असला तरी सल्ला या अर्थाचा ॲडव्हाइस आणि सल्ला देणं या अर्थाचा ॲडव्हाइझ हीच वाटणी ऐकवतात, त्यांच्यावरून ठरवा. अमेरिकी पद्धतीत मात्र प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने. म्हणून कुठलं इंग्रजी लिहिताय ते आधी ठरवा आणि संगणकावरची स्पेलिंग तपासणीही त्याच भाषेवर ठेवा.

तिसऱ्या गटात आपली देवनागरीच दगा देते. बुरखा किंवा पडदा या अर्थाचा शब्द आणि देवमासा, दोन्ही आपण ‘व्हेल’ लिहितो. इंग्रजी कानाला ते अगदी निराळे आहेत. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि हवा घासत जाते. डब्ल्यू म्हणताना दातांचा संबंधच नाही, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात. आरशासमोर बघितलं तर हा फरक दिसतोसुद्धा. मराठीत व्हीसाठी ‘व्ह’ लिहायची रीत आहे, पण तोच ‘व्ह’ आपण व्हाइट आणि व्हीललाही लावतो, त्यामुळे ती खूण भरवशाची राहत नाही.

शिप आणि शीपचं उलट आहे. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळपास सारखेच लागतात. म्हणून जहाज आणि मेंढी यांत फरक करायला आपण नुसता स्वर लांबवतो. ते पुरत नाही. जहाजाच्या शब्दात जीभ जरा खाली आणि सैल असते, मेंढीच्या शब्दात उंच आणि ताणलेली. लांबी तर पुढच्या व्यंजनावरही ठरते: स्वरानंतर डी असेल तर स्वर लांबतो, टी असेल तर आखडतो. त्यामुळे बिडमधला ऱ्हस्व स्वर बीटमधल्या दीर्घ स्वराइतका लांब भरू शकतो. नुसती लांबी ऐकणारा माणूस इथे हमखास फसतो. याचा उलटा फायदाही आहे. रेस आणि रेझ, प्राइस आणि प्राइझ यांत शेवटचा झ इंग्रज माणूस बऱ्याचदा पुसट म्हणतो. तो शोधत बसण्यापेक्षा आधीचा स्वर लांबला का ते ऐका. लांबला तर झ.

कान तयार करायचा तर एकाच आवाजावर अवलंबून राहू नका. अमेरिकेतल्या लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ मध्ये जपानी लोकांना आर आणि एल ओळखायला शिकवताना वेगवेगळ्या माणसांचे आवाज वापरले, प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक ते लगेच सांगितलं, आणि त्यांची ओळख सुधारली. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की नुसत्या ऐकण्याच्या सरावाने बोलणंही सुधारतं. घरी याची नक्कल करता येते. जोडीतल्या शब्दांची वेगवेगळ्या आवाजांतली ध्वनिमुद्रणं गोळा करा, कुणाला तरी ती उलटसुलट क्रमाने वाजवायला सांगा, तुम्ही फक्त बोट दाखवायचं: हा की तो. इथे मात्र जोडी समोरासमोर ठेवावीच लागते, कारण काम कानाचं आहे, आठवणीचं नाही. आणि एक लक्षात असू द्या, खाट आणि ‘पकडलं’ हे दोन कॉट बऱ्याच अमेरिकनांना खरोखरच एक ऐकू येतात. तिथे तुमचा कान कमी पडलेला नसतो.

राहिला अर्थाचा घोळ, आणि अफेक्ट-इफेक्ट त्यातलेच. दोन्हींचं पहिलं अक्षर बोलण्यात इतकं पुसट होतं की कान हात वर करतो. मी यांच्या व्याख्या पाठ करायला सांगत नाही, शेजार पाहायला सांगते. ई-वाला शब्द, म्हणजे ‘परिणाम’, नामासारखा वावरतो: ‘साइड इफेक्ट’, ‘टेक इफेक्ट’, ‘द इफेक्ट ऑफ’. आधी द किंवा ॲन उभा असतो, नंतर ऑफ किंवा ऑन. ए-वाला, म्हणजे ‘परिणाम करणं’, क्रियापद आहे, तो मधे कुणाला न घालता थेट कर्मावर पडतो: ‘इट अफेक्ट्स स्लीप’. घडवून आणणं या अर्थी ई-वालाही क्रियापद होतो आणि मानसशास्त्रात ए-वालाही नाम होतो, पण ते दुर्मीळ आहे, सध्या सोडून द्या. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकललाही हेच लागू. पहिल्याच्या पुढे पॉलिसी, क्रायसिस, ग्रोथ येतात, दुसऱ्याच्या पुढे कमी इंधन पिणारी गाडी. बातिया लॉफर या संशोधिकेने १९८८ मध्ये अशा रूपसादृश्य असलेल्या शब्दांना ‘सिनफॉर्म्स’ असं नाव देऊन त्यांचे प्रकार पाडले. शेपटीत फरक असलेले आणि एखाद्या स्वराचा फरक असलेले शब्द त्यांतले मोठे त्रासदायक. नवा शब्द वहीत लिहिताना एकटा लिहू नका, ज्या दोन-तीन शब्दांच्या संगतीत तो भेटला त्यांच्यासकट लिहा. जुळा भाऊ त्या पानावर नको.

लिहून झाल्यावरची तपासणी निराळी करा. स्पेलिंग तपासणारी प्रणाली इथे बहुतेकदा गप्प बसते, कारण चुकीचा शब्दही कोशातला खराच शब्द असतो. तुमचे नेहमी घसरणारे शब्द चार-पाचच निघतील. तेवढेच मजकुरात ‘फाइंड’ करून एकेका जागी थांबून बघा. सगळा मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा हे लवकर होतं आणि जास्त सापडतं.

आणि परीक्षेत किंवा घाईच्या मेलमध्ये, जिथे कोश उघडायची सोय नाही, तिथे सरळ वळसा घाला. इफेक्टच्या जागी रिझल्ट, अफेक्टच्या जागी चेंज किंवा हर्ट, कॉम्प्लिमेंटच्या जागी प्रेझ बसतो का ते पाहा. बसत असेल तर बिनधास्त लिहा.