पिल्लं घार नेते की शिक्रा, आधी ते बघ

अरे दादा, तुझ्या कोंबडीची तीन पिल्लं गेली म्हणतोस, म्हणून लगेच घारीवर खापर फोडू नकोस. घार ओळखायला सोपी, मोठी, तपकिरी, वर घिरट्या घालत असते आणि शेपटीला मधे खाच दिसते. ती उघड्यावरचं पिल्लू उचलते, पण शिक्रा झाडात दबा धरून बसतो, कबुतराएवढाच असतो, पाठ राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, आणि इतका खालून सुर्रकन येतो की कोंबडी ओरडेपर्यंत काम झालेलं असतं. पांढरी, खांद्यावर काळा डाग असलेली, हवेत एका जागी फडफडणारी दिसली तर ती कापशी, तिला बिचारीला काही करू नको, ती शेतातले उंदीर खाते.

आपल्या नाशकात द्राक्षबागेची जुनी जाळी सहज मिळते, ती खुराड्यापुढच्या अंगणावर ताणून बांध, सैल सोडलीस तर पक्षी अडकून मरतात. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत मोकळी सोडूच नको.

रात्री गेलं तर मात्र मांजर समज, मुंगूस बहुतेक दिवसा येतं. माझ्याकडे मुंगसाने साध्या मुर्गाजाळीखालून उकरून एकदा पाच कोंबड्या मारल्या, मागे नुसती पिसं आणि रक्त, फार वाईट वाटलं. तेव्हापासून अर्धा इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली लोखंडी जाळी) लावलीय, फूटभर जमिनीत गाडून. नाशिकजवळ मखमलाबाद, गिरणारेकडे असशील तर बिबट्याचंही बघ, अंधार पडायच्या आत दार बंद.

आणि गलोल, विष अजिबात नको, या पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.