साखरपुडा मोडला पण तो खरं काही सांगत नाही, क्लोजर कसं मिळेल?

तू लिहिलंयस की साखरपुड्यानंतर कळलं त्याचं ऑफिसातल्या एकीशी आधीपासून चालू होतं, लग्न मोडलं, आणि आता एकदा तरी त्याच्या तोंडून सगळं खरं ऐकायचंय. मोठी आहे तुझ्यापेक्षा म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

माझं पत्रिका छापायला गेल्यावर कळलेलं. मी पण हेच मागत होते आणि मिळालं, पण हप्त्याहप्त्याने. आधी "नुसती मैत्रीण", मग "एकदाच झालं", मग स्क्रीनशॉट दाखवल्यावर "तीच मागे लागली होती". दर वेळी वाटायचं चला कळलं सगळं, की परत काहीतरी नवीन बाहेर यायचं आणि रडारड पहिल्यापासून सुरू. पकडला गेलेला माणूस तेवढंच कबूल करतो जेवढं तुला आधीच माहितीये.

म्हणून विचार, जरूर विचार, पण ज्या उत्तरावर तुझं पुढचं काहीतरी ठरणारे तेवढंच. कधीपासून चालू होतं, त्याच्या घरी कोणाला माहीत होतं का (माझ्या केसमधे बहिणीला सगळं माहीत होतं आणि तीच मला ओवाळताना हसत होती, असो), आणि तुमच्यात संबंध आले असतील तर तिकडे काळजी घेत होता का. हे शेवटचं आपल्याकडे कोणी बोलतच नाही. त्याच्या उत्तरावर विसंबू पण नकोस, मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधे आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं सेंटर असतं, एचआयव्हीची टेस्ट तिथे फुकट होते, गुप्त ठेवतात, आधी 1097 या सरकारी एड्स हेल्पलाईनवर फोन करून विचारता येतं. अगदी अलीकडचं असेल तर टेस्टमधे लगेच दिसत नाही, परत कधी करायची आणि बाकीच्या कुठल्या टेस्ट करायच्या ते तिथेच विचारून घे.

ती दिसते कशी, कुठे भेटायचे, तिच्यात काय जास्त होतं हे नको विचारूस. खरं उत्तर दिलं तरी उपयोग शून्य आणि डोक्यातून जात नाही ते.

भेटायचं तर दिवसा, बाहेर, एकदाच. व्हॉट्सॲपवर नको, तो लिहून डिलीट करत बसणार आणि तू रात्रभर फोन बघत बसणार. पासवर्ड माहीत असला तरी त्याचं अकाउंट उघडू नकोस, आयटी कायद्यात अडकशील उगाच. त्या मुलीला मात्र एक सभ्य मेसेज टाकायला हरकत नाही, तिला कदाचित साखरपुड्याचं माहीतच नसेल, मला तर बरंचसं खरं तिकडूनच कळलं.

आणि नाहीच आला तो भेटायला तर? लग्न मोडायला जेवढं कळलं तेवढं पुरलं ना तुला. आपल्याला त्याची कबुली हवी असते ती अर्धी तरी "मुलीतच काहीतरी असेल" म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांना दाखवायला, आणि त्या कबुली दाखवली तरी तेच म्हणतात, अनुभव आहे.

दागिने, साड्या, हॉलचा ॲडव्हान्स या हिशोबात तू पडू नकोस, बाबा नाहीतर मामांना पाठव, काय दिलं काय परत आलं ते लिहून घेऊ देत. झोप उडाली असेल तर 14416 ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि रात्री पण चालू असते.