'लष्करी क्रांती' म्हणावं का? नेपोलियनच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: नेपोलियनबद्दल मराठीत वाचताना "१७९९ साली त्याने लष्करी क्रांती केली" असं वाक्य दिसलं, पण फ्रेंच क्रांती तर १७८९ लाच झाली ना, मग ही दुसरी क्रांती कुठली, आणि हिला बरोबर मराठी शब्द कोणता?

शंका रास्त आहे. चूक त्या एकट्या लेखकाची नाही म्हणा, कुठल्याही देशात रणगाडे रस्त्यावर आले की आपल्याकडे "लष्करी क्रांती" छापायची जुनी सवय आहे. यात गंमत अशी की आपण 'इन्किलाब झिंदाबाद' म्हणतो तेव्हा इन्किलाब म्हणजे क्रांती, पण हाच शब्द मुळात ज्या अरबीतून आला तिथे आज 'इन्किलाब' म्हणजे लष्कराने सरकार उलथवणं, आणि क्रांतीला त्यांचा 'सौरा' हा वेगळा शब्द आहे. म्हणजे अरबांनी दोन खाती वेगळी ठेवली, आपण दोन्हींचा हिशोब एकाच वहीत मांडला.

फ्रेंच शब्द आहे 'कू देता'. देवनागरीत लिहिला की उगाच वाटतं कोणीतरी काहीतरी देतंय, प्रत्यक्षात घेणंच असतं. कू म्हणजे फटका, एता म्हणजे राज्य. आणि जुन्या वापरात हा फटका बाहेरचे बंडखोर नाही तर खुद्द राज्यकर्ते मारायचे, कायदा बाजूला ठेवून अचानक केलेली सरकारी कारवाई म्हणजे कू देता. हे लक्षात ठेवा, कारण नेपोलियनचं प्रकरण नेमकं असंच आहे.

१७९९ मध्ये फ्रान्सवर पाच डायरेक्टरांचं मंडळ राज्य करत होतं. कागदी नोटांची किंमत मातीमोल होऊन गेलेली, युद्धं चालूच, आणि निवडणुकीचा निकाल आवडला नाही की हे लोक तो सरळ रद्द करायचे. १७९७ साली तर त्यासाठी पॅरिसमध्ये फौज आणली होती आणि त्या कामाला सेनापती पाठवला होता तो नेपोलियननेच. एकदा राजकारण्यांनी भांडण सोडवायला शिपायाला घरात बोलावलं की तो पुढच्या वेळी बोलावण्याची वाट बघत नाही. त्या पाचांपैकी सिएयेस नावाच्या डायरेक्टरला राज्यघटनाच बदलायची होती आणि त्यासाठी एक 'तलवार' हवी होती, म्हणजे आपल्या शब्दात राहील असा सेनापती. त्याने हेरलेला सेनापती झूबेर ऑगस्टमध्ये इटलीत नोवीच्या लढाईत पडला. ऑक्टोबरात नेपोलियन इजिप्तमध्ये आपलं सैन्य तसंच सोडून परत आला, आणि तलवार मिळाली. शब्दात काही राहिली नाही.

मग १८ ब्रूमेर, म्हणजे ९ नोव्हेंबर. ब्रूमेर हा क्रांतीच्या नव्या कॅलेंडरातला धुक्याचा महिना. कटाची आवई उठवून दोन्ही सभागृहं पॅरिसबाहेर सँ-क्लूला हलवली, फौज नेपोलियनच्या हाती दिली, हे सगळं ठरावाने, अगदी कायदेशीर! दुसऱ्या दिवशी मात्र तो पाचशेंच्या सभेत, म्हणजे त्या दोनांपैकी एका सभागृहात, शिरला तर सदस्यांनी त्याला धक्काबुक्की केली आणि "कायद्याबाहेर घाला याला" असा ओरडा सुरू केला, आणि हे साधं नव्हतं, पाच वर्षांपूर्वी क्रांतीतला बडा नेता रोबेस्पिएर याला असंच कायद्याबाहेर ठरवून गिलोटिनवर चढवलं होतं. नेपोलियन गडबडला, शिपायांनी त्याला बाहेर काढला. वाचवला तो धाकट्या भावाने, ल्युसिएंने, जो त्याच सभेचा अध्यक्ष होता. त्याने बाहेर येऊन शिपायांना सांगितलं की आत खंजीरवाले सभेला धमकावतायत, मग नेपोलियनचा सरदार म्यूरा याचे शिपाई ढोल वाजवत आत गेले आणि सदस्यांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. रात्री जे थोडे सापडले त्यांना गोळा करून मतदान उरकलं, आणि पाच डायरेक्टरांच्या जागी नेपोलियनसह तीन 'कॉन्सल', म्हणजे नवे कारभारी, आले.

आता याला म्हणायचं काय? बंड म्हणावं तर बंड वरच्यांविरुद्ध असतं, इथे पाचातले दोन वरचेच सामील. उठाव म्हटलं तर कोण उठलं, पॅरिसची जनता तर शांत होती. 'सत्तांतर' फारच सोवळा शब्द, निवडणुकीनंतर शोभतो. 'तख्तापालट' हिंदीतून आलाय, चालेलही, पण तिथे तख्त होतंच कुठे, ते तर नेपोलियनने मागाहून आणलं. माझं मत 'सत्तापालट'ला, आणि क्रियापद हवं असेल तर 'सत्ता बळकावली', यात जोरही आहे आणि कायद्याचं नाव नाही. बारभाईंच्या वेळचा 'कारस्थान' हा शब्द मला खरं तर जास्त आवडतो, तेव्हा त्याला आजच्याइतका वाईट वास नव्हता, राजकारणी मसलत असाच अर्थ होता. पण आज वापरला तर लोक सासू-सुनेच्या मालिकेकडे जातील.

'क्रांती' नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. डिसेंबर १७९९ मध्ये नव्या घटनेबरोबर जे जाहीर केलं त्यात क्रांती संपली असं स्वच्छ लिहिलंय. जो माणूस क्रांती संपली म्हणतो त्याच्या नावावर आपण कशाला चिकटवायची? शब्द मात्र त्याने जपून वापरले. १८०२ मध्ये सार्वमत घेऊन तहहयात कॉन्सल झाला, १८०४ मध्ये सम्राट, आणि त्या वेळच्या घटनेचं पहिलंच कलम सांगतं की *प्रजासत्ताकाचं* शासन सम्राटाकडे सोपवलंय. नाण्यांवर तर १८०८ पर्यंत एका बाजूला सम्राट नेपोलियन आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच प्रजासत्ताक!

तर ते वाक्य मी असं लिहीन: "१७९९ साली नेपोलियनने सिएयेसच्या मदतीने सत्तापालट घडवला आणि पुढच्या पाच वर्षांत सगळी सत्ता स्वतःकडे घेतली."

आणि हो, पुढे 'पहिला कॉन्सल' येईल तिथे डिक्शनरी बघून 'पहिला वाणिज्यदूत' करू नका. कॉन्सल हे जुन्या रोमन प्रजासत्ताकातलं सर्वोच्च पद, तिथे दोघं असायचे आणि मुदत एक वर्ष. व्हिसाचं ऑफिस नाही ते.