बर्फावर आणि कनूत एकच फिश फाइंडर चालेल का, आणि कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर आणि उन्हाळ्यात कनूत (वल्ह्याने चालवायच्या हलक्या, अरुंद होडीत), दोन्हीकडे नेता येईल असा एकच फिश फाइंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र हवाय. स्क्रीन किती इंचांची घ्यावी, आणि मोबाइलला जोडायचा तरंगता गोळा चालेल का?

एकच यंत्र दोन्हीकडे चालतं, मी तसंच वापरतो. फक्त निवड स्क्रीनपासून सुरू करू नका. आधी ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग बघा, मग बॅटरी, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी.

दोन्हीकडचं काम वेगळं आहे, हे आधी लक्षात घ्या. कनू सरकत असते. मासा खालून जाताना त्याचं अंतर आधी कमी होतं, मग वाढतं, म्हणून स्क्रीनवर कमान उमटते. बर्फावर तुम्ही एका जागी बसलेले असता. तिथे मासा भोकाखाली थांबला की त्याची कमान होत नाही, सरळ आडवी रेघ होते आणि तो हलेपर्यंत ती लांबत जाते. म्हणजे बर्फावर स्क्रीनचा बहुतेक भाग जुना असतो. ‘आत्ता’ काय चाललंय ते फक्त उजव्या कडेला दिसतं. म्हणून बर्फावरचे लोक फ्लॅशर वापरतात. गोल तबकडी, इतिहास नाही, या क्षणी खाली काय आहे तेवढंच. वेक्सिलार, मारकम या कंपन्यांचे फ्लॅशर त्यासाठीच बनलेले आहेत, पण कनूत तळाचा चढउतार समजून घ्यायला ते अपुरे पडतात. गार्मिन स्ट्रायकर ४ सारख्या छोट्या यंत्रांत सरकतं चित्र आणि फ्लॅशर मोड दोन्ही मिळतात. तुमच्या गरजेला हाच प्रकार योग्य आहे. फ्लॅशर मोड नसलेलं यंत्र बर्फासाठी घेऊ नका.

तो मोड काय देतो ते सांगतो. जिग (गळ बसवलेलं वजनदार आमिष) खाली सोडलं की एक बारीक खूण त्याच्यासोबत खाली जाताना दिसते. तळाच्या जाड पट्ट्यातून दुसरी खूण सुटून वर येते, आधी हिरवी, म्हणजे मासा यंत्राच्या आवाजाच्या झोताच्या कडेला आहे किंवा प्रतिध्वनी क्षीण आहे. तो बरोबर खाली आला की ती लाल होते. आता जिग सावकाश वर घ्या. खूण मागोमाग आली तर तसंच चालू ठेवा. थबकली तर तुम्हीही थांबा, नुसती सुतभर थरथर द्या. मासा गळाला लागायच्या आधी त्याचं मन कळतं, आणि माझ्या मते बर्फावर यंत्र नेण्याचं खरं कारण हेच आहे.

आता झोत. ट्रान्सड्यूसरमधून आवाज टॉर्चच्या उजेडासारखा पसरत खाली जातो. २० अंशांचा झोत असेल तर तळावरच्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश असतो: ६ मीटर खोलीवर जेमतेम २ मीटर. ६० अंशांचा असेल तर त्याच खोलीवर जवळजवळ ७ मीटर. उथळ पाण्यात कनूतून शोध घेताना रुंद झोत बरा. बर्फावर मात्र अरुंदच हवा, नाहीतर दिसणारा मासा तुमच्या आमिषापासून तीन मीटर लांब असतो आणि तुम्ही उगाच जिग हलवत बसता. उतारावर रुंद झोताचा आणखी एक तोटा आहे: उताराचा वरचा भाग आधी प्रतिध्वनी देतो आणि तळाशी टेकलेले मासे त्यात झाकले जातात. त्यामुळे दोन फ्रीक्वेन्सींचा ट्रान्सड्यूसर घ्या. २०० किलोहर्ट्झला झोत अरुंद, ७७ किंवा ८३ ला रुंद. चर्प (एकाच आवाजात अनेक फ्रीक्वेन्सी सोडणारी सोय) असेल तर उत्तम, जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात.

बॅटरी. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते आणि थंडीत तिची क्षमता चांगलीच घटते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण निम्म्या वजनाची असते; कनू खांद्यावर घेऊन दुसऱ्या तळ्याकडे चालताना हा फरक कळतो. ती शून्य अंशाखाली चार्ज मात्र कधीच करू नका. घरी आणा, तासन्‌तास खोलीत राहू द्या, मग चार्जर लावा. छोटं यंत्र पाव ते अर्धा अँपिअर खातं, तेव्हा ७ अँपिअर-अवर दिवसभराला पुरतात.

मोबाइलचा गोळा, म्हणजे डीपरसारखा तरंगता बिनतारी ट्रान्सड्यूसर, काठावरून फेकून तळ बघायला छान आहे. कनूच्या मागे दोरीने ओढताही येतो, इंटरनेट लागत नाही. बर्फावर एकटा त्याच्यावर विसंबू नका. थंडीत फोनची बॅटरी बसते, हातमोज्यांनी स्क्रीन चालत नाही, आणि मासा लागला की आधी भोकातून गोळा बाहेर काढावा लागतो.

बसवणं सोपं आहे, पण काळजीने करा. बर्फात ट्रान्सड्यूसर अगदी सरळ लोंबकळला पाहिजे, त्याचं तोंड बर्फाच्या खालच्या कडेपेक्षा थोडं खाली. तिरका झाला की जिग दिसेनासं होतं. कनूच्या काठाला क्लॅम्पने दांडी लावा आणि तोंड पाण्याखाली जेमतेम बुडू द्या. किनाऱ्याला लागताना ती वर घ्या. ट्रान्सड्यूसर कनूच्या तळाला आतून चिकटवायचा विचार असेल तर कनू भरीव फायबरग्लासची किंवा एकाच थराच्या प्लास्टिकची हवी. मधे फोम असेल तर त्यातली हवा आवाज अडवते.

स्क्रीन चार इंचांची पुरते. उन्हात वाचता येते का, पोलराइज्ड चष्म्यातून काळी तर पडत नाही ना, एवढं बघा. माशांची चित्रं दाखवणारी सोय बंदच ठेवा. गवत आणि बुडबुड्यांनाही ती मासे ठरवते. लाइव्ह सोनार (पाण्याखालच्या हालचालींचं त्याच क्षणी चलचित्र दाखवणारं यंत्र) तुम्हाला नको, त्याचं वजन आणि वीज दोन्ही कनूच्या मानाने जास्त.

एक गोष्ट मात्र कोणतंही यंत्र सांगत नाही: पायाखालचा बर्फ तुम्हाला पेलेल का. पायी चालायला नवा, पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा, पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. दर थोड्या अंतरावर भोक पाडून मोजत पुढे जा.

शेवटी, जीपीएस असलेलंच यंत्र घ्या. उन्हाळ्यात कनूतून फिरताना पाण्याखालचे उंचवटे आणि गवताच्या कडा जपून नोंदवा. हिवाळ्यात सगळं पांढरं सपाट झालं की त्याच खुणांवर चालत जा आणि तिथेच पहिली भोकं पाडा.